मालकांची बावीस घरं

आमचे घरमालक ज्वारी विकत नसत. ते ज्वारीला स्थळ बघत.

हे मी गमतीनं म्हणत नाही. रानात कणसं भरायला लागली की बाकीचे शेतकरी भावाची चौकशी करत, मालक माणसांची करत. सोलापुरात कुणाच्या घरी नवी सून आली, कुणाच्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या, कुणी स्वयंपाकाला बाई ठेवली, कुणाच्या ताटात गव्हाच्या पोळ्या वाढायला लागल्या, याची खडान्‌खडा माहिती त्यांच्याकडे असे. रास झाली की ते कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालत, पंच्याच्या टोकाला मूठभर ज्वारीची गाठ मारत आणि सकाळच्या एसटीनं सोलापूर गाठत. तिथं त्यांची बावीस घरं होती. वर्षाची ज्वारी ही घरं त्यांच्याकडून घेत. म्हणजे आपण म्हणायचं घेत. मालकांच्या मते ते देत.

नवं घर पास होणं सोपं नव्हतं. मालक सोफ्यावर टेकत नसत. उंबऱ्यातूनच विचारत, "भाकरी कोन करतंय?" मग जी कोण करत असेल तिला बाहेर यावं लागे. पीठ मळायला पाणी गरम घेता की गार? मळता किती वेळ? थापता का लाटता? "लाटतो" असं उत्तर आलं की मालक शांतपणे चहा घेत, घरातल्यांना आशीर्वाद देत आणि निघून येत. त्या घराला ज्वारी मिळत नसे, आणि का मिळाली नाही हे त्या बिचाऱ्यांना कधी कळतही नसे.

जुन्या घरांचीही सुटका नव्हती. वर्षातून एकदा, न सांगता, ऐन जेवणाच्या वेळी मालक दारात उभे राहत. "मी जेवून आलोय. फकस्त एक भाकर बघायची हाय," असं म्हणून पाटावर बसत. भाकरीचा पापुद्रा बोटानं उचलून बघत, थंड झाल्यावर मोडते का वाकते ते बघत, आणि मग ती एक भाकरी अर्धा तास खात. त्या अर्ध्या तासात घरातल्या सगळ्यांची सुखदुःखं ऐकून होत. एका घरात तर नवराबायकोचं भांडण मालक येईपर्यंत ताटकळत ठेवत असत, असं मी ऐकलं आहे.

फक्त एक घर त्यांनी मी तिथं राहत असताना सोडलं. डॉक्टरांचं घर होतं, तीन पोती जात. त्यांच्या सुनेनं मोठ्या कौतुकानं मालकांपुढं बशी ठेवली आणि म्हणाली, "अप्पा, ज्वारीचे नूडल्स आहेत. मैदा अजिबात नाही." मालक परत आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मालक, ज्वारीच खाल्ली ना त्यांनी?"

"खाल्ली व्हय," मालक म्हणाले. "पन दोऱ्या करून."

डॉक्टरांचा नंबर फोनमधून गेला. मालकांच्या फोनमध्ये नावं नव्हतीच. एकदा त्यांनी मला रिचार्ज करायला फोन दिला तेव्हा मी यादी बघितली. 'दात नाहीत मऊ पाहिजे.' 'कडक भाकर मास्तर.' 'सून चांगली.' 'सून बघू.' कुतूहल म्हणून मी माझा नंबर लावून बघितला. पडद्यावर नाव आलं, 'भात'.

ते बरोबरच होतं म्हणा. मी कोकणातला. वळसंगच्या अलीकडं, हमरस्त्यापासून दोनेक मैल आत असलेल्या त्या गावात शेतकऱ्यांनी मिळून एक उत्पादक कंपनी काढली होती आणि तिचा मॅनेजर म्हणून मी एका वर्षाच्या करारावर गेलो होतो. गावातल्या लोकांना निम्मं कानडी आणि निम्मं मराठी येत असे, आणि कुठल्या निम्म्यात बोलायचं हे ते राग किती आला आहे त्यावरून ठरवत. सगळा गाव मालकांना अप्पा म्हणायचा आणि त्यांच्या बायकोला अव्वा. मी खोली भाड्यानं मागायला गेलो तेव्हा मालक ओट्यावर बसून कच्ची ज्वारी चावत होते. ही त्यांची सवय. खिशात दाणे असत, आणि एखादी गोष्ट पटली नाही की दाताखाली एक दाणा कट्‌कन फुटे.

"काय खाता?" त्यांनी विचारलं.

मला वाटलं शाकाहारी आहे का विचारतायत. मी म्हटलं, "सगळं खातो. भात मुख्य."

कट्‌. "भात म्हंजे आजारी मानसाचं जेवान. तुमाला काय हुतंय?"

खोली मिळाली ती अव्वांमुळं. त्या आतून म्हणाल्या, "असूंद्या हो, शिकंल." मी दुसऱ्याच दिवसापासून शिकलो. अव्वांची भाकरी, शेंगाची चटणी आणि ताकाचा पेला यापुढं आमच्याकडचा भात मला खरोखरच पथ्याचा वाटायला लागला. आईला मात्र हे मी अजून सांगितलेलं नाही.

कंपनीचं काम पहिले काही महिने बरं चाललं. मग मला पुण्याचा एक मोठा खरेदीदार मिळाला. त्याला गावची मालदांडी ज्वारी हवी होती, पण ट्रक भरून, एका प्रतीची, आणि दरवर्षी हमखास. आमच्या सभासदांची पद्धत अशी, की भाव चढला तर कंपनीला हुलकावणी देऊन माल अडत्याकडं न्यायचा आणि पडला तर कंपनीच्या दारात आणून टाकायचा. म्हणून अध्यक्षांनी ठराव आणला: घरी खायला लागेल तेवढी ठेवून बाकी सगळी ज्वारी प्रत्येक सभासदानं कंपनीमार्फतच विकायची. परस्पर विकणारा बाहेर. ठरावावर सगळ्यांच्या सह्या हव्यात, ही खरेदीदाराची अट होती. सह्या झाल्या तर ऑर्डर, ऑर्डर मिळाली तर माझा करार वाढणार. माझं सगळं त्या कागदावर अवलंबून होतं.

आणि त्या कागदावर सही करायला माझे घरमालक तयार नव्हते.

सभा मठाच्या पडवीत भरायच्या. तीन आठवड्यांत पाच झाल्या. अध्यक्ष तरुण, हुशार, आणि त्यांच्याकडं एकच उदाहरण होतं. "अप्पा, माझा मेव्हणा श्रीपूरला असतो. सगळा ऊस कारखान्याला घालतो. त्यो काय घरोघरी जाऊन साखर चाखतो का?"

"उसाची साखर झाली की नाव पुसलं," मालक म्हणत. "ज्वारीची भाकर हुती. भाकरीला नाव आस्तंय."

"कुठं लिहिलेलं असतंय?"

"जिभंवर."

कुणी म्हणे, एकट्यानं विकलं की अडत्या मारतो. मालक म्हणत, माझा अडत्याच नाही. कुणी म्हणे, तुमची ज्वारी चांगली, ती ढिगात आली तर ढीग सुधारेल. मालक म्हणत, "आन् ढिगानं माजी बिगाडली तर?" मी आकडे मांडायला उभा राहिलो की पडवीभर कट्‌ कट्‌ आवाज यायचा आणि माझी वाक्यं तुटायची. सभा संपली की आम्ही दोघं एकाच वाटेनं एकाच घरी जायचो. वाटेत मालक माझ्या खांद्यावर हात ठेवत. "राग धरू नगा. मत येगळं, खोली येगळी."

चौथ्या सभेत अंगणवाडीताई बोलल्या. ताई गावच्या अंगणवाडीत मुलांना सांभाळायच्या. नवरा सोलापुरात नोकरीला, आणि माळाकडची तीन एकर ताई एकट्याच करायच्या. सभेत आतापर्यंत त्या फक्त सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होत्या. त्या उठल्या आणि थेट मालकांकडं बघून म्हणाल्या, "अप्पा, तुमाला बावीस घरं हायती. मला एक तरी हाय का? माजी पंधरा-ईस पोती बगून अडत्या हात घालतो आन् मान हलवतो. मी माळावरची, मी बाईमानूस, माल थोडा. त्यो सांगंल ते घ्यायचं. कंपनीत निदान माजं पोतं तुमच्या पोत्याच्या शेजारी हुबं तरी राहील."

मालकांना रागात भान राहत नसे. ते म्हणाले, "त्येच नगं हाय मला."

ताई खाली बसल्या. मालकांनाही कळलं असावं, कारण त्यांनी खिशातला दाणा काढला आणि तोंडात न टाकता हातातच धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर चहा घेताना मी चिडूनच विचारलं, "मालक, भाव कंपनी तुमच्याइतकाच देणार आहे. फरक काय पडतो तुम्हाला?" ते रस्त्याकडं बघत म्हणाले, "साहेब, पोरी दिल्या घरी गेल्या. पोरगा पुन्याला. मला बोलवतंय कोन? ज्वारी हाय म्हनून बावीस दारं उघडी हायती. कंपनीला ज्वारी दिली की मी कोन? कुनाच्या घरी जाऊन भाकर मागू?"

मी चहा संपवला आणि ऑफिसात गेलो. मला त्यांची दया आली होती आणि माझा करारही डोळ्यांपुढं होता. खरं सांगायचं तर करार जास्त होता.

पाचव्या सभेत मालक स्वतःच जाळ्यात आले. ढिगात सगळ्या ज्वाऱ्या सारख्याच होतात, असं अध्यक्ष म्हणाले, तेव्हा मालक उसळले. "सारख्या? धा भाकरींतनं माजी भाकर डोळं झाकून काढून दावतो!"

अध्यक्षांनी ते लगेच पकडलं. "काढली तर तुम्हाला ठरावातनं सूट. नाही निघाली तर पहिली सही तुमची. कबूल?"

"कबूल म्हंजे काय! लिवून घ्या."

सात जणांची नवी ज्वारी निवडली. मी प्रत्येकाकडून किलोभर आणली, पिशव्यांवर नुसते आकडे टाकले आणि कुठला आकडा कुणाचा ते लिहिलेला कागद पाकिटात ठेवला. गिरणीत पिशव्या वेगवेगळ्या दळल्या. भाकरी कुणी करायच्या यावर पुन्हा तासभर वाद. शेवटी सगळ्यांचं अव्वांवर एकमत झालं. एक तर त्यांच्या हातासारखा हात गावात नव्हता, आणि दुसरं, अव्वा खोटं बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, मग ते नवऱ्यासाठी का असेना.

मठाच्या मागच्या चुलीवर अव्वांनी सात भाकरी थापल्या. सगळा गाव पडवीत. मालकांच्या डोळ्यांवर त्यांचाच पंचा बांधला. मी एकेक तुकडा हातात देत होतो. पहिला तुकडा चावून ते म्हणाले, "ह्यो पाण्याचा मानूस. लई पानी पाजलंय." रोख अध्यक्षांवर आहे हे ओळखून लोक हसले. दुसऱ्याला त्यांनी मान हलवली. तिसरा खाऊन म्हणाले, "बरी हाय, पन राग भरलाय हिच्यात." चौथा अर्धाच खाऊन परत दिला.

पाचवा तुकडा तोंडात गेला आणि मालकांचा चेहरा सैल झाला. चावणं मंद झालं. त्यांनी हात पुढं केला आणि म्हणाले, "आख्खी द्या." मी अख्खी भाकरी दिली. ती त्यांनी हुंगली, बोटांनी चाचपली, मोडून खाल्ली. "ही! ही माजी. बाकीच्या आनू बी नगा. ही वळखायला मला डोळं कशाला लागत्यात? ही मी रोज खातो!"

पंचा सोडला. मी पाकीट फोडलं, आकडा पाच बघितला आणि माझा मलाच विश्वास बसेना. मी दोनदा वाचलं. मग मोठ्यानं म्हणालो, "पाच नंबर, अंगणवाडीताई."

असा हशा त्या मठात कधी झाला नसेल. अध्यक्ष मांडीवर हात मारून हसत होते. ताई मात्र हसल्या नाहीत, त्या माझ्याकडं आणि कागदाकडं आळीपाळीनं बघत राहिल्या. मालक उभे राहिले. "कागद चुकलाय. भात खानारा मानूस, ह्येला आकडं काय कळत्यात!" मग कानडीत आणखी बरंच काही, ते मला कळलं नाही हे चांगलंच झालं.

तेवढ्यात मागच्या दारातून अव्वा आल्या. हाताला पीठ तसंच होतं.

"कागद बराबर हाय," त्या म्हणाल्या. "आन् तुमी बी बराबर हायसा. ही तुमी रोज खाता."

हसू थांबलं.

"बावीस घरं भरायच्या नादात तुमी आपल्या घरात ठिवता किती? गनपतीला कनगी रिकामी हुतिया. दोन वर्सं झाली. मी हिला तूरडाळ देती आन् हिच्याकडनं ज्वारी घेती. गिरनीत हिचं पीठ बगितलं तवाच कळलं हुतं कुनाची हाय ती. आजून बी जुनीच चालू हाय घरात, ती बी हिचीच."

मालकांनी विचारलं, "मला सांगितलं न्हाईस?"

"इचारलंसा कवा? बावीस घरांत जाऊन इचारता भाकर कशी हाय म्हनून. आपल्या घरात कवा इचारलंसा?"

मालक खाली बसले. समोर उरलेली अर्धी भाकरी होती. आम्हाला वाटलं आता ताट भिरकावणार. त्यांनी ती भाकरी उचलली आणि सगळ्यांसमोर, शेवटच्या तुकड्यापर्यंत, सावकाश खाऊन संपवली. हात धुतले, माझ्यासमोरचं रजिस्टर ओढलं आणि पहिली सही केली.

मग पेन टोपण लावून खिशात घातलं. पेन माझं होतं. "आता माजी एक अट," ते म्हणाले.

"हरलेल्यानं अट घालायची?" अध्यक्ष म्हणाले.

"घालायची. ढीग करायचा न्हाई. परत्येकाचं पोतं येगळं, आन् पोत्यावर ज्याचं त्याचं नाव आन् फोन. मी रोज खात हुतो, मला कळायला दोन वर्सं लागली ही हिची हाय म्हनून. ढिगात गेल्यावर पुन्याच्या मानसाला कवा कळंल?" मग ते ताईंकडं वळले. आवाज एकदम उतरला. "ताई, परवा बोललो ते चुकलं माजं. तुजं पोतं शेजारी कशाला? फुडं ठिव."

ताईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आसू द्या, अप्पा."

या अटीवर आणखी दोन सभा झाल्या. खरेदीदार नावं चालवून घेणार नाही, ऑर्डर जाईल, असं अध्यक्ष म्हणत, मीही तेच म्हणत होतो. शेवटी एका म्हाताऱ्या सभासदानं विचारलं, "त्येला फोन करून इचारलंय का कुनी?" कुणीच विचारलं नव्हतं. ते माझं काम होतं. मी तिथंच फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "शेतकऱ्याचं नाव पोत्यावर? अहो, उलट तेच तर पाहिजे आम्हाला. लोक नाव बघून घेतात." मी फोन ठेवला तेव्हा सगळी सभा माझ्याकडं बघत होती आणि मालकांच्या दाताखाली एक दाणा फुटला.

ठराव झाला. ट्रक गेला, माझा करार वाढला. थोडा माल कंपनीनं सोलापुरात एक गाळा घेऊन तिथं ठेवला. मालकांनी चार दिवस दुपारी ओट्यावर बसून बावीस घरांना फोन केले. मी आत कामात असायचो, पण आवाज यायचा. "यंदापासनं माज्याकडनं न्हाई. कंपनीच्या गाळ्यावर जावा. पोत्यावर अंगणवाडीताईचं नाव बगून घ्या. माज्यापरीस चांगली हाय. व्हय, मीच बोलतोय. न्हाई न्हाई, तब्येत बरी हाय."

त्यानंतरचं वर्ष गावानं मालकांचा कडकपणा सोसला. ठरावाचे ते जन्मजात भक्त असल्यासारखे वागायला लागले. कुणाच्या दारात टेम्पो दिसला की मालक काठी टेकत हजर. ज्या अध्यक्षांनी ठराव आणला त्यांनीच श्रीपूरच्या मेव्हण्याला परस्पर दोन पोती पाठवली होती, तीही मालकांनी हुडकून काढली. मेव्हण्याला ज्वारी परत पाठवावी लागली, आणि त्यातलं जे दळून झालं होतं ते पीठही मालकांनी परत मागवलं. "नियम म्हंजे नियम," ते म्हणत. ओट्यावर बसून ते सगळ्या रस्त्यावर लक्ष ठेवत. सोलापूरला जाणं मात्र त्यांनी बंद केलं होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, गुडघे दुखतायत. माझा विश्वास बसला.

पुढच्या साली रास झाल्यावर सभा भरली. ठराव चालू ठेवायचा, सह्या घ्यायच्या, एवढंच काम होतं. आणि ताई उभ्या राहिल्या.

"मला ह्यातनं सूट पायजे," त्या म्हणाल्या.

पडवीत कुजबूज सुरू झाली. ताईंना वर्षभर फोन येत होते. पोत्यावरचं नाव बघून सोलापुरातल्या घरांनी आधी कौतुकाला फोन केले, मग पुढच्या वर्षाची ज्वारी मागायला. "सोळा घरं झाली," ताई म्हणाल्या. "लोक घरी बलवत्यात. साडीचोळी करत्यात. परवा एका आजीनं मला आपल्या शेजारी बसवून जेवू घातलं. कंपनीचं उपकार हायती माज्यावर, पन आता मला माज्या हातानं देऊ द्या."

त्या सोळांतली निम्मी घरं मालकांची होती. हे ताईंना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि ज्यांनी स्वतःच ताईंचं नाव त्या घरांना सांगितलं होतं त्यांना तर होतंच.

अपेक्षेप्रमाणं मालक उठले आणि अर्धा तास बोलले. असं उत्तम भाषण मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मागल्या साली अध्यक्ष जे म्हणाले, मी जे म्हणालो, स्वतः ताई जे म्हणाल्या, ते सगळं त्यांनी ताईंना ऐकवलं. उद्या ज्याला चार घरं मिळतील तो बाहेर पडेल, मग उरतील ते कोण? ज्यांना एकही घर नाही ते. मागल्या साली तू जिथं बसली होतीस तिथं आज दुसरं कुणी बसलंय, त्याचं काय? मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. ताईंचा चेहरा पडला. माझ्या लेखी काम झालं होतं, आणि झालं याचा मला आनंद होता.

अध्यक्षांनी मतदान घेतलं. "ताईंना सूट द्यावी असं ज्यांचं मत आहे त्यांनी हात वर करा."

पहिला हात मालकांचा वर गेला.

"अप्पा," अध्यक्ष म्हणाले, "हे सूट द्या म्हणणाऱ्यांचं चाललंय. हात खाली घ्या."

"ठावं हाय."

"अहो, आत्ता अर्धा तास तुम्हीच बोललात ना?"

"बोललो की. चुकतंयच तिचं."

"मग हात कशाला?"

मालकांनी कुणाकडंच बघितलं नाही. समोरच्या खांबाकडं बघत म्हणाले, "वरीस झालं, मला दुपारचं जेवान जात न्हाई. येळ झाली की वाटतंय, कुटंतरी जायाचं हाय. आन् कुटंच जायाचं नसतंय. माजं झालं ते झालं. तिला कशाला?"

अव्वा बायकांत बसल्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला. मी वर्षभर या माणसाच्या ओट्यावर रोज चहा घेत होतो, आणि गुडघे दुखतात म्हटल्यावर एक मलमाची ट्यूब आणून देऊन मोकळा झालो होतो. मला स्वतःची फार लाज वाटली.

ताई रडत होत्या आणि "नगं मला सूट, अप्पा, हात खाली घ्या," असं म्हणत होत्या. अध्यक्षांनी हात मोजायला सुरुवात केली. एकेक करत ते वर येत होते. मी सभासद नव्हतो, मला मताचा हक्क नव्हता. मोजणी संपली, अध्यक्षांनी रजिस्टरात आकडा आणि त्यापुढं 'सूट मंजूर' असं लिहिलं, लोक उठून चपला शोधायला लागले, तरी मालकांनी हात खाली घेतला नव्हता.